केरबा ऑपरेटरनं न दाखवलेलं रीळ

आमच्या पेठेतल्या थेटरात आवाज दोन बाजूंनी यायचा. समोरून पडद्यावरच्या माणसांचा, आणि मागून, वरच्या चौकोनी भोकातून, केरबा ऑपरेटरचा. नवख्या माणसाला वाटायचं कुणीतरी भांडण काढलंय. आम्ही पेठेतले लोक सरावलो होतो. पडद्यावर कुणी मेला नायिकेच्या अंगावर चालून आला की आधी ती किंचाळायची आणि पाठोपाठ मागून गर्जना व्हायची, "आरं ए, लांब हो! घरात आयाबहिणी न्हाईत व्हय तुला?"

मग खालच्या बाकांवरून कुणीतरी मान वर करून ओरडायचं, "केरबा, मशीन थांबीव! त्यो पुढं येणारच न्हाय!"

"थांबीवली तर तीबी हितंच अडकंल की रं, येड्या!"

मालकांनी वीस वेळा तरी समज दिली असेल. केरबा खाली मान घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "मालक, मी बोलतच न्हाय. त्ये आपलं तोंडातनं जातंय."

मी त्यांना भावजी म्हणायची. नात्यानं कुणी नव्हेत, पण त्यांच्या खोलीची आणि आमच्या घराची भिंत एक. त्या भिंतीला कान लावायची कधी गरज पडली नाही. सकाळी दात घासता घासता ते आदल्या दिवशीच्या पिक्चरमधल्या सासऱ्याला फैलावर घ्यायचे, ते मला चुलीपाशी शब्दन्शब्द ऐकू यायचं. आमचे हे तेव्हा शिरोलीला ओतकामाच्या कारखान्यात नुकते लागले होते. मी रेडिओ घ्या म्हणून मागे लागले की म्हणायचे, "कशाला? भिंतीत हाय की आपल्या."

दिसायला भावजी बुटके, मान आखूड, आणि उजवा डोळा कायम बारीक केलेला. बावीस वर्षं त्या भोकाला डोळा लावून लावून तो तसाच झाला होता. रस्त्यात बोलतानाही डावा सताड उघडा आणि उजवा मिटल्यासारखा. एकदा गल्लीत नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेला वाटलं, हा बाबा आपल्याला डोळा मारतोय. झालं! तिनं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं तालमीत सांगितलं, आणि तालमीतले चार पैलवान अंगाला माती तशीच ठेवून भावजींच्या दारात. भावजी बाहेर आले, एकेकाकडे वर मान करून बघितलं आणि म्हणाले, "घ्या. तुमालाबी चौघांस्नी मारला बघा. आता काय करता?" पैलवान हसत बसले ते चहा पिऊनच उठले. त्या सुनेनं पुढे भावजींना राखी बांधली.

थेटरात वर दोन मशिनी होत्या. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी चालू करायची, लोकांना कळूही द्यायचं नाही, हे त्यांचं काम. भावजी त्यांना म्हशी म्हणायचे. एक थोरली, एक धाकटी. उजेड मंद पडला की खाली आवाज यायचा, "जरा दम खावा, धाकटी पान्हा चोरतीया." मग ते मशिनीच्या पाठीवर थापटत तिची समजूत काढायचे, आणि खरंच उजेड यायचा. बेंदराला सगळं गाव बैल सजवायचं तेव्हा भावजी दोन हार घेऊन थेटरात जायचे. मी पुरणपोळीचा नैवेद्य द्यायची. तो मशिनींना दाखवून झाला की स्वतः खायचे आणि मला येऊन सांगायचे, "थोरलीला आवडली. धाकटी म्हणाली, गूळ कमी हाय."

एकदा रंकाळ्यावर कुठल्याशा पिक्चरचं शूटिंग चाललं होतं. त्यात नेहमी दुष्टाचं काम करणारे एक नट उन्हातून थेटरात आले आणि पाणी मागितलं. आपल्याकडं आल्यागेल्याला गूळ-पाणी देतात. भावजींनी तांब्या पुढं केला. नटानं इकडं तिकडं बघितलं आणि हसून विचारलं, "गूळ नाही का?" भावजी म्हणाले, "हाय. पर गेल्या महिन्यात तुमी त्या विधवा बाईचं घर लिलावात काढलंसा. तिची माफी मागितल्याबिगर आमच्यात गूळ मिळत न्हाय." ते नट मोठ्या मनाचे. त्यांनी पडद्याकडे तोंड करून हात जोडले, तेव्हा गूळ मिळाला.

पण एक सांगते. एवढं सगळं असून त्यांनी कुठल्या पिक्चरला कात्री लावली नाही. दुसऱ्या थेटरांतले ऑपरेटर गाण्याच्या फिती कापून ठेवायचे, पोरांना वाटायचे. भावजींना ते पाप वाटायचं. "आपलं काम दाखवायचं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. "चांगलं असो, वंगाळ असो. आलेली पेटी उघडायची आन् दाखवायची. लपवायची आपल्याला पगार न्हाय."

त्यांची बायको लवकर गेली. मागे एक मुलगी, हौसा. पाच वर्षांची असल्यापासून ती थेटरातच वाढली, वर मशिनींच्या मधे रिळांच्या पालथ्या पेटीवर बसून. सतराव्या वर्षी तिचं लग्न केलं, निपाणीच्या पलीकडं एका गावात. जावई तंबाखूच्या वखारीत कामाला. स्थळ बरं होतं.

नागपंचमी म्हणजे आपल्याकडं लेकींचा सण. माहेरहून मुराळी जातो आणि लेकीला चार दिवस घेऊन येतो. मुराळी बहुतेक भाऊ असतो. हौसाला भाऊ नाही, म्हणून भावजी स्वतः जायचे. पंचमीच्या आधी खोली सारवायचे, कासाराला सांगून ठेवायचे की हौसा येणार, बांगड्या घेऊन ये. मग डोक्याला फेटा बांधून निपाणीची गाडी धरायचे. आणि संध्याकाळी एकटेच परत.

आम्ही बायका दारातच असायचो. "काय भावजी, हौसा?"

"भेटली की!" मोठ्यांदा सांगायचे. "हिरवं लुगडं, नाकात नथ. अंगानं भरलीया. सासू सोडाय तयार न्हाय, वैनी. म्हणती, तुमची लेक गेली की घर खायला उठतंय. एवढा जीव लावत्यात म्हटल्यावर मी काय बोलू? पुढच्या साली धाडतो म्हणाल्या."

चार पंचम्या अशा गेल्या. दरवर्षी हौसाचं लुगडं नव्या रंगाचं असायचं, दरवर्षी ती आणखी भरलेली असायची. कासार बांगड्या घेऊन यायचा आणि तशाच घेऊन जायचा. आम्हालाही बरं वाटायचं, पोरगी सुखात आहे. फक्त एकदा मी म्हटलं, "एवढा जीव लावत्यात तर एकदा धाडायला काय झालं?" त्यावर भावजींनी दोन्ही डोळे मिटले आणि खोलीत गेले. मला वाटलं दमले असतील.

पाचव्या पंचमीच्या आधी आठ-दहा दिवस थेटरात सकाळच्या खेळाला एक इंग्रजी पिक्चर लागायचा होता. नवी पेटी आली की भावजी आदल्या दिवशी एकटेच सगळी रिळं चालवून बघायचे. त्या दिवशी दिवेलागणीला ते माझ्या दारात आले ते हातात परातीएवढा गोल पत्र्याचा डबा घेऊन. आवाज अगदी खाली.

"वैनी, ह्ये आठवडाभर ठिवा. उघडू नका, आन् कुणाला सांगू नका."

"काय हाय त्यात?"

"औषध."

मी तो डबा ज्वारीच्या कणगीत खुपसला. यांनी आल्या आल्या विचारलं, "केरबानं काय दिलं?" म्हटलं, औषध. हे म्हणाले, "एवढ्या डब्यात? कुणाला झालंय काय, हत्तीला?"

रविवारी आम्ही पाच-सहा बायका तो पिक्चर बघायला गेलो. इंग्रजी कळत नव्हतं, पण कळायला काही राहिलंही नाही, कारण वरून सगळं सांगणं चालूच होतं. गोष्ट अशी. घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस. बोलायला गोड, राहायला टापटीप, बघून वाटणार नाही. बाजारात फुलं विकणारी एक मुलगी त्याच्या मनात भरते. तो तिला काहीतरी सांगून घरी नेतो आणि घराखालच्या खोलीत कोंडतो. मारत नाही, अंगाला हात लावत नाही. उलट तिला कापडं आणतो, खायला आणतो, आरसा आणतो. भिंतीवर घड्याळंच घड्याळं. फक्त दार उघडत नाही. आणि वर तिलाच विचारतो, माझ्याइतका जीव तुला दुसरं कोण लावणार? हे वाक्य भावजींनी वरून दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांचा आवाज कसातरीच आला.

इकडं तिचा म्हातारा बाप गावभर तिचा फोटो दाखवत हिंडतोय. थेटरात चिडीचूप. माझ्या शेजारच्या काशीबाई पदर तोंडात धरून बसलेल्या. असं करता करता एका दिवशी दाराची किल्ली तिच्या हाती लागते. मग काय विचारता! सगळं थेटर उभं. "पळ! पळ गं माझे बाई!" खालून ओरडा, वरून ओरडा. ती जिना चढते, अंगण ओलांडते, फाटक उघडते, रस्त्यावर येते आणि पळत सुटते. पळतेय, पळतेय, आणि दिवे लागले. पडद्यावर नेहमीची पाटी, "आभारी आहोत. पुन्हा या."

शिट्ट्या, टाळ्या. कुणी फेटे उडवले. इंग्रजी पिक्चर बघून माणसं एवढी खूश होऊन घरी गेलेली मी पहिल्यांदा बघितली. काशीबाई म्हणाल्या, "असं पायजे. आपल्यात उगंच शेवटाला रडवत्यात."

पुढच्या रांगेत इंग्रजी शिकवणारे एक मास्तर होते. त्यांनी हा पिक्चर आधी मुंबईत बघितला होता, आता बायकोला समजावून सांगायला आले होते. ते मात्र बसून राहिले. "अहो, संपला कसा? अजून एक रीळ आहे!"

मागून एकजण म्हणाला, "मास्तर, पोरगी सुटली. आता काय तिचं लगीन बघून जाताय?"

मास्तर चिडले. "सुटत नाही ती! पुढच्याच वळणावर तो तिला धरतो!"

"तुमीच धरा आता तिला," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मास्तर लाल होऊन बाहेर पडले ते सरळ मालकांकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक आमच्या गल्लीत आले. मी दारात तांदूळ निवडत होते. भावजी त्यांच्या ओट्यावर बसलेले.

"केरबा, शेवटचं रीळ कुठाय?"

"हाय."

"मग दाखवत का न्हाईस?"

"दाखवणार न्हाय, मालक."

"आरं, पेटी बुधवारी परत जायची. एक रीळ कमी गेलं तर माझं काय होईल?"

"पेटी जाईल तवा रीळ पेटीत असंल. पडद्यावर येणार न्हाय."

मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. "बावीस वर्सं मला सांगतोयस, आपलं काम दाखवायचं. आज काय झालं तुला? पोरगी खरी हाय व्हय ती? नाटक असतंय त्ये!"

"म्हाईत हाय."

"उद्या सकाळच्या खेळाला सगळा पिक्चर लागला न्हाई, तर तू थेटराची पायरी चढायची न्हाईस. सांगून ठेवतो."

मालक गेले. औषध म्हणजे काय ते मला आत्ता कळलं. सूप खाली ठेवून मी ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "भावजी, माझ्या कणगीत काय ठिवलंय त्ये आता सांगा. एवढं काय हाय त्यात? मरती व्हय ती?"

"मरती शेवटाला. त्याचं काय न्हाय. मराण मी लई दाखवलं."

"मग?"

ते जवळ सरकून बसले आणि हळू सांगायला लागले.

"तिला परत कोंडतो. आन् मग तिचा बाप येतो, वैनी. त्याच घरात येतो. दार वाजवतो. फोटो दाखवून इचारतो, माझी लेक बघितलीसा? त्यो भाड्या म्हणतो, न्हाय बा. पर दमलासा, आत या, चा घ्या. आन् बाप आत जातो. खुर्चीवर बसतो. ती त्याच्या पायाखाली हाय, तोंडात बोळा कोंबलेली, वर बघतीया. आन् बाप चा पितो. पिऊन झाल्यावर कप खाली ठिवतो, टोपी घालतो, हात जोडतो आन् जातो."

"तुमाला इंग्रजी कळलं एवढं?"

"चा पितोय बाप. त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

गल्लीतून एक सायकल गेली. ती लांब जाईपर्यंत ते थांबले.

"मीबी चा पिऊनच आलो, वैनी. चार वर्सं."

मला आधी कळलंच नाही.

"हौसा मला दिसली न्हाय. एकदाबी न्हाय. पयल्या साली म्हणाले, रानात गेलीया. मग म्हणाले, पावण्यांच्यात गेलीया. मग परत रानात. भाईर सोप्यात बसवत्यात, चा देत्यात, लई गोड बोलत्यात. आतलं दार लावलेलं असतंय. मी लेकीचा बाप. जोरात इचारलं आन् त्यांनी मागनं तिच्यावर राग काढला तर? तिथं माझा आवाजच फुटत न्हाय. हळूच इचारतो, चा पितो, येतो."

"आन् ते हिरवं लुगडं?"

"गाडीत येताना जुळवायचो. निपाणी ते कोल्हापूर तेवढा वेळ पुरतोय."

चार वर्षं मी त्या लुगड्याचे रंग ऐकले होते. एक वर्ष मी स्वतःच म्हटलं होतं, जांभळा रंग शोभत असेल तिला. मला रडायला यायला हवं होतं, पण मला राग आला. त्यांचा, माझा, सगळ्यांचाच.

"उद्या जायचं," मी म्हटलं.

"पंचमी परवा हाय."

"मग उद्याच जायचं. आन् मी येणार. बाईमाणूस बरोबर असलं की आतलं दार उघडाय सांगता येतं. एक लक्षात ठेवा भावजी. तिथं चा प्यायचा न्हाय. पाणीसुद्धा न्हाय."

यांना सांगितलं तर हे एवढंच म्हणाले, "भाकरी बांधून घेऊन जा. आन् न्हाईच धाडली तर मला निरोप दे. कारखान्यातली धा माणसं घेऊन येतो."

सकाळी कणगीतून डबा काढला, ज्वारीचे दाणे झाडले आणि आम्ही दोघं थेटरावर गेलो. मालक पायरीवरच होते. भावजींनी डबा त्यांच्या हातात दिला. "ह्ये रीळ. दाखवायचं तर दाखवा. मी असताना न्हाय." मालक म्हणाले, "तू कुठं चाललास?" भावजींनी फेटा सारखा केला. "मुराळी," म्हणाले, आणि स्टँडकडं चालायला लागले.

त्या दिवशी थेटरात काय झालं ते नंतर कळलं. मालकांनी दुसरीकडून एक ऑपरेटर आणला. थोरलीनं त्याला दाद दिली नाही. पहिल्यांदा रीळ उलटं लागलं, माणसं डोक्यावर चालायला लागली. मग कसाबसा पिक्चर शेवटपर्यंत गेला आणि त्या मुलीला परत धरलेलं बघून लोकांनी थेटर डोक्यावर घेतलं. ज्यांनी आधी बघितला होता ते शपथा घेऊन सांगायला लागले की ह्यात दुसऱ्याच पिक्चरचं रीळ जोडलंय. संशय मास्तरांवर. बिचारे मास्तर महिनाभर दुसऱ्या गल्लीतून शाळेला जायचे. आमच्या पेठेत आजही जुनी माणसं दोन गटांत आहेत, सुटली म्हणणारे आणि न सुटली म्हणणारे. मालक आठ दिवसांनी स्वतः येऊन म्हणाले, "चल केरबा, म्हशी हंबरत्यात." पण ते पुढचं.

आम्ही त्या गावात पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. घर चांगलं, दगडी जोत्याचं. हौसाच्या सासूला सगळे अव्वा म्हणत. जावई वखारीत गेलेला. तिनं हसत या म्हटलं, सोप्यात घोंगडं अंथरलं. आतलं दार लावलेलं होतं.

भावजी बसले, म्हणाले, "हौसाला न्याय आलोय. पंचमीला."

"रानात गेलीया की हो. आधी चा घ्या."

कपबशी पुढं आली. भावजींनी हात लावला नाही.

मी म्हटलं, "अव्वा, आमी चासाठी न्हाय आलो. हौसा येऊ दे. वाट बघतो."

"सांजच्याला येईल ती. गार होतोय, प्या."

"होऊ दे गार."

तासाभरानं दुसरा कप आला. मग तिसरा, चौथा. जुन्या कपांवर साय धरली, माश्या बसायला लागल्या. अव्वा उचलायला आली की मी म्हणायची, "असू द्यात, घेतील." भावजी मांडी घालून समोर बघत बसलेले. मला मात्र गप्प बसवत नव्हतं. दारावरून जी बाई जाईल तिला मी सांगायची, "मुराळी आलाय हो हौसाला न्यायला. कोल्हापूरचे हाईत. सकाळपासनं पाणी घेतलं न्हाय." पंचमीचा झोका बांधायला बायका दोर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. मग त्यांना बघून आणखी थांबल्या. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, कपांकडे बघितलं. एक, दोन, तीन, चार.

"अव्वा," ते म्हणाले, "सणाच्या तोंडावर पावणं दारात उपाशी बसलंय. बरं दिसतंय व्हय?"

अव्वाचा चेहरा उतरला. ती भावजींना हात जोडायला लागली, एक घोट तरी घ्या. भावजींनी मान हलवली. म्हातारे काठी आपटत राहिले, बायका कुजबुजायला लागल्या. शेवटी अव्वा अशी काही घायकुतीला आली की तिनं आतल्या दाराकडं वळून हाक मारली, "हौसा! ए हौसा! तुझा बा चा पीत न्हाय बघ. तू तरी सांग!"

सगळे अव्वाकडे बघायला लागले. आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

आतली कडी वाजली आणि हौसा दारात आली. हिरवं लुगडं नव्हतं, नथ नव्हती. हाडं मोजून घ्यावी अशी पोर. बोटं तंबाखूनं तपकिरी, अंगावर विडीच्या पानांचा चुरा. तिच्या मागे अंधारात विड्यांच्या जुड्यांचे ढीग दिसत होते.

ती बापाकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, चार वर्सं का आला न्हाईस?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "आलतं गं. दर पंचमीला आलतं. हितंच बसून गेलतं."

हौसानं घोंगड्याकडं बघितलं. मग आतल्या दाराकडं बघितलं, किती पावलं होतात ते मोजल्यासारखं.

अव्वा म्हणाली, "न्या की, मी कुठं नको म्हणतीया? पर आत्ता विड्यांचं काम लई हाय. ती गेली तर वळणार कोण?" आणि बोलता बोलता थांबली, कारण सगळा गाव ऐकत होता. म्हातारे म्हणाले, "तू वळ की." बायकांतून कुणीतरी फिसकन हसलं.

हौसा आत गेली. मला वाटलं बोचकं बांधायला. ती पायात चप्पल घालून बाहेर आली, बाकी हातात काही नाही. भावजी उठले. दारापाशी अव्वानं पुन्हा कप पुढं केला. सकाळनंतर भावजी पहिल्यांदाच बोलले, "घरी जाऊन पिऊ."

निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेलीच होती. हौसाला खिडकीची जागा मिळाली, शेजारी भावजी, मी मागच्या बाकावर. पाऊस थांबलेला, वारं चांगलं सुटलं होतं. काच वर करून खिडकी उघडायची तर तिचा खटका मोडलेला. हौसानं दोनदा वर सरकवली, गाडी हादरली की खाडकन खाली. भावजींनी तिच्या पुढून हात लांब केला आणि काच वर धरून ठेवली.

मी म्हटलं, "भावजी, फटीत कागद कोंबा की. हात भरून येईल."

त्यांनी मान हलवली. हौसानं वाऱ्याकडं तोंड केलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं तशीच झोपली. कुठलं लुगडं, कुठलं काम, त्यांनी तिला काही विचारलं नाही. कागल आलं, माणसं चढली, उतरली. एक हात भरून आला तेव्हा त्यांनी दुसरा लावला. कोल्हापूरच्या स्टँडात गाडी थांबेपर्यंत ती काच खाली आली नाही.